तीन हजार मिलिमीटरचा तंबू

दिवाळीच्या सुट्टीत मुरुडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना आधी साष्टांग नमस्कार. तंबूच्या पिशवीवर ‘३००० मिलिमीटर’ छापलेलं असतं. कोकणात अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढाच पाऊस पडतो, म्हणजे चार महिन्यांची बेगमी झाली, असा यांचा हिशेब! प्रत्यक्षात तो आकडा एवढंच सांगतो, की कापडावर तीन मीटर उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. पाऊस आडवा आला किंवा शिवण उसवली तर काय, यावर पिशवी गप्प. आणि त्या वीतभर खुंट्या! भुसभुशीत वाळूत त्या केकवरच्या मेणबत्त्यांसारख्या उभ्या राहतात. एक फुंकर, की वाढदिवस संपला.

वाळू भरलेल्या पिशव्या हातभर खोल पुरून त्यांना दोऱ्या बांधा, तंबू बुटका घ्या, असं सांगितलं तर म्हणतात, “फोटोत उठून दिसत नाही हो.”

परतीचा पाऊस गेला म्हणून निर्धास्त व्हावं, तर ‘फयान’ वादळ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्याला लागलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, दिवाळी उलटून गेल्यावर. जून २०२० मधल्या ‘निसर्ग’ने तर या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तिथे ॲल्युमिनियमच्या काड्यांची काय कथा! जवळचा जंजिरा किल्ला तेवढा शाबूत आहे, पण तो घडी करून पाठीवर घेता येत नाही.

गावात घरगुती खोल्या मिळतात.