फोटो व परिचयासह

कथा मागवणारं आवाहन मोबाईलवर आलं की सगळ्यात खालची ओळ आधी वाचावी. वर 'नवोदितांना सुवर्णसंधी', 'राज्यस्तरीय प्रातिनिधिक कथासंग्रह' वगैरे झेंडूची फुलं असतात. मुद्द्याचं खाली: सहभाग शुल्क पाचशे रुपये, पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि दहा ओळींत साहित्यिक परिचय. परिचयाशिवाय कथा स्वीकारली जाणार नाही.

शुल्क समजतं. फोटोही समजतो, पैसे कुणी भरले ते ओळखायला बरा. परिचय मात्र माझ्या डोक्यात जातो. कारण मुडबीच्या आमच्या मामांना परिचय नाही.

मामा कथा लिहितात. शेताला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणून लिहितात. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर बोअरजवळच्या खोपीत बसून लाईटची वाट बघावी लागते. बिड्या डॉक्टरनं बंद केल्या, मोबाईलला तिथं रेंज नाही, उरली खतवाल्या दुकानदारानं दिलेली डायरी. तिच्या दर पानाच्या तळाशी कुठल्या तरी कीटकनाशकाची जाहिरात, आणि जाहिरातीच्या वर मामांची कथा. लाईट आली की हातातलं वाक्य तिथंच टाकून मामा मोटर चालू करायला उठतात, त्यामुळे काही कथा अर्ध्या वाक्यावर संपल्यात. (त्यातले दोन-तीन शेवट मला बऱ्याच नावाजलेल्या शेवटांपेक्षा चांगले वाटतात. भाच्याचं मत म्हणून सोडून द्या.) डायरी भरली की ती बियाण्याच्या पिशव्यांमागच्या फळीवर जाते. कुणी मागितली तर देतात, परत मागत नाहीत.

त्यांच्या मुलीनं हौसेनं एक कथा टाईप केली, फोनपेवरून पाचशे भरले आणि आवाहनवाल्यांना धाडून दिली. चौथ्या दिवशी संपादकांचा फोन. कथा मिळाली सर, परिचय नाही आला.

"मी मुडबीचा," मामा म्हणाले.

"ते कळलं सर. पुरस्कार कोणकोणते?"

"न्हाईत."

"प्रकाशित पुस्तकं?"

"न्हाईत."

"मग आगामी?"

"आगामी तूर हाय."

तिकडं थोडी शांतता. संपादक भला माणूस असावा, त्यानं हात टेकले नाहीत. "सर, निदान लेखनामागचा उद्देश सांगा. आपण का लिहिता?"

"लाईट येईस्तोर."

आठवडाभरानं परिचयाचा कच्चा मसुदा मोबाईलवर आला. पहिलीच ओळ: 'प्रकाशाच्या प्रतीक्षेत अखंड साहित्यसाधना करणारे ज्येष्ठ कथाकार.' मामांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, हे कुणाचं रे?

परिचय हा प्रकार आमच्या भागात कसा वाढतो, ते बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मुडबी म्हणजे बसवकल्याण तालुक्यातली एक होबळी (महसुली मंडळ), बिदर जिल्ह्याच्या पार कडेला. इकडं वळलं की कलबुर्गी, तिकडं वळलं की महाराष्ट्र. 1956 च्या आधी हे सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आमच्याच बिदर जिल्ह्याचे तालुके होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला जिल्हा फोडला. थोडा म्हैसूरला, थोडा मुंबईला, थोडा आंध्रला. शेतं इकडं नि सोयरे तिकडं झाले, कागदपत्रांसाठी माणसं दोन-दोन राज्यांत हेलपाटे घालू लागली. पण कवींचं मात्र कल्याण झालं. आजोबा उदगीरला जाऊन अभंग म्हणत, तर ते नुसतेच उदगीरला जाऊन येत. नातू त्याच उदगीरला जाऊन चार चारोळ्या म्हणतो आणि संध्याकाळी 'आंतरराज्यीय निमंत्रित कवी' होऊन घरी येतो. त्यातून कवीचा मेहुणा दुबईत असेल आणि त्यानं मोबाईलवर पाच मिनिटं ऐकलं असेल, तर 'आंतरराष्ट्रीय'. पुढं सरकारनंही परिचयाला हातभार लावला. 2014 साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, 2019 साली हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण-कर्नाटक झालं, आणि प्रत्येक वेळी परिचय नव्यानं छापून घ्यावे लागले. नव्यानं छापायचेच आहेत तर दोन पुरस्कार आणखी घाला, असा साधा विचार. माझ्या पाहण्यात एक गृहस्थ आहेत, त्यांची कविता आठ ओळींची आणि परिचय दीड पानाचा. कार्यक्रमात निवेदक परिचय वाचतो, टाळ्या होतात, वेळ संपते. कवितेचं काय झालं, असं अजून एकाही श्रोत्यानं विचारलेलं नाही.

मसुद्याची तिसरी ओळ होती: 'सीमाभागात मराठीचा दिवा तेवत ठेवणारे.' इथं मामा चिडले. मामा मराठीत लिहितात कारण त्यांना मराठीत सुचतं. त्यांच्या कथेतला कंडक्टर कन्नडमध्ये शिव्या देतो, आडत्या दखनीत भाव पाडतो, म्हातारी या दोघांना मराठीत झापते, आणि ज्याचं त्याला बरोबर कळतं. गावात रोज हेच चालतं. पण सीमेवरचा माणूस मराठीत नुसतं लिहू शकतो, हे पलीकडच्यांना पटतच नाही. तो लढत असला पाहिजे, निदान तेवत तरी असला पाहिजे. पुण्यातला माणूस पुण्यात बसून मराठीत गोष्ट लिहितो तेव्हा त्याच्या हातात कुणी समई देत नाही. आमच्याच हातात का? "माझ्याकडं लाईट न्हाई म्हणून मी बसलोय," मामा म्हणाले, "आणि हे मलाच दिवा करायलेत."

मला मामांपेक्षा जास्त राग आला. गावात कारहुणवीच्या सणाला बैल सजवतात, पळवतात. त्या बैलवाल्याला कुणी विचारत नाही की आपली आगामी बैलं कोणती. पारावर रोज पत्ते कुटणाऱ्यांकडं कुणी उद्देश मागत नाही. देवळातलं भजनी मंडळ माझ्या लहानपणापासून त्याच एका जागी बेसूर होतं, तरी 'अल्बम कधी?' असं कुणी म्हणत नाही. गावात कबुतरं पाळणारे आहेत, त्यांना कबुतरांपासून काय मिळतं ते त्यांनाही सांगता येणार नाही, आणि त्यांना कुणी विचारायलाही जात नाही. पण एखाद्यानं गोष्ट लिहिली रे लिहिली की सगळं गाव, सगळा तालुका, सगळं महाराष्ट्र मंडळ त्याच्या मानेवर: पुढं काय? पुस्तक कधी? स्पर्धेला पाठवली का? पुढं काही नाही हो! एक माणूस रात्री खोपीत बसून एका खोट्या म्हातारीला खरं बोलायला लावतोय, त्यात त्याची रात्र बरी जातेय, एवढंच आहे. हे पुरत नाही, कारण ज्याला काही नको त्याला काही विकता येत नाही. या सगळ्या धंद्याची गोम इथं आहे. प्रवेश शुल्क, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्राची लॅमिनेशनसह वेगळी किंमत, लेखकाच्या खर्चानं छापलेली तीनशे पुस्तकं, त्यातली अडीचशे लेखकाच्याच पलंगाखाली, आणि त्या पलंगावर लेखक 'साहित्यरत्न' होऊन झोपलेला. ही सगळी चक्की महत्त्वाकांक्षेवर फिरते. ती नसेल तर आधी रुजवावी लागते. परिचयाचा रकाना त्यासाठीच असतो. तो रिकामा दिसला की चांगल्या माणसालाही वाटायला लागतं, आपलं काहीतरी राहून गेलं.

मजा म्हणजे हे सगळं कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, पायथ्याशी चाललंय. इथंच चालुक्यांच्या राजधानीत बाराव्या शतकात एका राजानं 'मानसोल्लास' रचला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण 100 अध्याय. त्यातले वीस नुसत्या विनोदांचे, म्हणजे मन रमवायच्या प्रकारांचे. त्या यादीत कोंबड्यांची झुंज आहे, मेंढ्यांची आहे, रेड्यांची आहे, कबुतरं आहेत, मासे धरणं आहे, आणि त्याच रांगेत कथाही आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाला कथा कबुतरांशेजारी बसवताना कमीपणा वाटला नाही. तोच ग्रंथ आज त्या राजानं या आवाहनवाल्यांकडं पाठवला असता तर फोन आला असता: सर, ग्रंथ मिळाला, सहभाग शुल्क दिसत नाही, आणि आपण चक्रवर्ती असल्याचं सांगता, पण ते राज्यस्तरीय की आंतरराज्यीय?

शेवटी मामांनी परिचय लिहून दिला. एका रात्री लाईट आलीच नाही, सकाळपर्यंत परिचय तयार. त्यात मामांचा जन्म फुटलेल्या बिदर जिल्ह्याच्या तिन्ही तुकड्यांत एकाच वेळी झाला होता. त्यांच्या पहिल्या कथेवर निजामाच्या पोलिसांनी बंदी घातली होती, त्या वेळी मामा जन्मायचे होते. त्यांना एक पुरस्कार मिळाला होता, तो घेऊन येताना बस घाटात बंद पडली आणि प्रवाशांनी सन्मानचिन्ह चाकाखाली उटी म्हणून लावलं. आगामी रकान्यात तूर तशीच ठेवली होती. मला विचाराल तर मामांची आतापर्यंतची ही सगळ्यात चांगली कथा.

संग्रह गेल्या महिन्यात निघाला. मामांचा परिचय पान 112 वर फोटोसह आला आहे, एका शब्दाची काटछाट नाही. कथा मात्र जागेअभावी घेता आली नाही, असं संपादक फोनवर म्हणाले. सहभागी लेखकांनी किमान दहा प्रती घेणं बंधनकारक आहे, निम्म्या किमतीत, टपालखर्च वेगळा. रोज संध्याकाळी तगाद्याचा फोन येतो, आणि तेव्हा मामा नेमके रेंजबाहेर शेतात असतात.