वेताळ टेकडीस, एका त्रस्त पालकाकडून

प्रति,
मा. वेताळ टेकडी,
मु. पो. पुणे

विषय : सहकुटुंब आलो असता झालेल्या गैरसोयींबाबत.

महोदया,

आपल्याबद्दल बरेच ऐकून होतो. शहरातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट, मोर आहेत, वगैरे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलो आणि पहिला धक्का पायथ्यालाच बसला. तिकीटखिडकीच नाही! फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा दर्जा काय असणार, हे पुण्यातल्या पालकाला सांगावे लागत नाही. आमच्या सोसायटीजवळचा छंदवर्ग पैसे घेतो, पण शेवटच्या दिवशी टोपी आणि ‘निसर्गमित्र’ असे छापलेले प्रमाणपत्र तरी देतो. आपण दिलीत ती मोजे भरून कुसळे.

या कुसळांबद्दल जरा सविस्तर लिहितो. घरी येऊन ती एकेक उपटून केरात टाकत असताना धाकटीने त्यातले एक पाण्याच्या बशीत ठेवले. ते आपोआप गरगर फिरू लागले. “बाबा, हे जिवंत आहे का?” मी ठामपणे “नाही” म्हणालो, आणि मग ते का फिरते हे रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. बियाची लांब शेपटी पिळलेली असते. ओली झाली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात पुढचे अणकुचीदार बी मातीत शिरते. म्हणजे गवत आपले बी आपणच पेरते, आणि पेरायला माती सापडली नाही तर माझा मोजा चालतो. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या बश्या कुसळांनी भरलेल्या होत्या. गणिताचा गृहपाठ राहिला. याची जबाबदारी कोण घेणार?

रुईच्या झुडपाबाबतही तक्रार आहे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे आमच्या आजीपासून सगळ्यांना ठाऊक. जनावरेही तिच्या वाटेला जात नाहीत. अशा झुडपावर आपण पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे खुशाल जेवायला बसवले आहेत. ते रुईचे विष अंगात साठवतात आणि आपण खाण्यालायक नाही हे भडक रंगांनी जाहीर करतात. त्यांचे पिल्लू थोरल्याने चिमटीत धरले, तर त्याने नेमकी माझ्या सदऱ्यावर पिचकारी मारली. छंदवर्गात हे सगळे पडद्यावर दाखवतात. सदरा सुरक्षित राहतो.

गिरिपुष्पाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीत ती गुलाबी फुलली की लोक जपानला पोचल्यासारखे फोटो काढतात. मुलीला मी हौसेने सांगितले की ही झाडे मध्य अमेरिकेकडची, इथे आणून लावलेली. त्यावर “मग इथली कुठली?” हा प्रश्न आला, आणि पळसाच्या पुढे माझी गाडी सरकेना. मुलांसमोर पालकांचे अज्ञान उघडे पाडणे हे आपल्या सेवेत बसते का?

आपल्या बांधकामाचीही चौकशी केली. काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा निघाला, भोगवटा प्रमाणपत्र मात्र कुठे दिसले नाही. वरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साचते. तिथे मुलगा नुसता बसून राहिला. कंटाळला असशील म्हणून मी मोबाइल पुढे केला, त्याने घेतला नाही. ही बाब विशेष चिंताजनक वाटते.

एका त्रुटीची दखल मात्र महापालिकेने घेतली आहे : आपल्या अंगाखांद्यावरून गाड्या जात नाहीत. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि पोटातून बोगदे अशा योजना त्यासाठीच आहेत. २०२३ मध्ये पुष्कळ पुणेकर आपल्या बाजूने मोर्चा घेऊन चालले, हे खरे. पण दहा मिनिटे वाचवण्यासाठी टेकडी कापणे किती सोयीचे, हे त्यांना कोण सांगणार? वाचलेल्या दहा मिनिटांत मुलांना गाडीने दूरच्या एखाद्या निसर्ग पर्यटन केंद्रात नेता येईल. तिथे तिकीटखिडकी असते.

वरील गैरसोयी तातडीने दूर कराव्यात. तोवर मुले दर रविवारी हट्ट करतच राहणार, आणि आम्हाला यावेच लागणार.

आपला,
एक त्रस्त पालक

ता. क. : इतर तक्रारदार पालकांसाठी. मृगाचे पहिले पाऊस झाले की मातीतून मखमली लाल मृगाचे किडे वर येतात, पण थोडेच दिवस. सकाळी लवकर जा, ऊन तापले की ते दिसत नाहीत. पाय मोजायला लावा : आठ भरतील, कारण हा किडा नसून कोळ्याचा भाऊबंद आहे. भिंग बरोबर न्या, काडेपेटी नेऊ नका. आणि रस्त्याबद्दल हरकत नोंदवायची वेळ येईल तेव्हा ती लेखी नोंदवा.