वसुली अधिकारी, गच्ची शाखा

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बागवाले काका राहतात. बहुधा ते बँकेतून निवृत्त झालेले असतात आणि त्यातही वसुली विभागातून. गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, तळ गेलेल्या बादल्या आणि कुणाच्या तरी नूतनीकरणातून उरलेलं बेसिन मांडून त्यांत ते वांगी, टोमॅटो, कोबी लावतात. पण एवढ्यावर माणूस बागवाले काका होत नाही, तोवर तो झाडांना पाणी घालणारा एक गृहस्थच असतो. पानाला पहिलं भोक पडलं की काका खऱ्या अर्थानं रुजू होतात.

आमच्या काकांनी त्या दिवशी लांबट वही आणली. नोंदी अशा: ‘कुंडी क्र. 7, वांगं. शेंड्यानं मान टाकली. आत पोखरणारी अळी. शेंडा खुडून नष्ट. कार्यवाही पूर्ण.’ खाली सही, तारीख. टोमॅटोच्या पानावर त्यांचा विशेष राग आहे, वहीच्या पानावर. “हिचं बघा,” ते म्हणतात, “हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर बोंडअळी आणि माझ्याकडे टोमॅटो पोखरणारी. बाई एकच! तीन नावांनी खाती उघडलीयत, आणि एकातही शिल्लक नाही.”

काही अळ्या दिवसा मातीत दडून राहतात आणि रात्री जेवायला वर येतात, हे कळल्यापासून काकांची पाहणी जेवणानंतर असते. डोक्याला टॉर्च, हातात पापड भाजायचा चिमटा. पहिल्या रात्री खालून वॉचमननं शिट्टी फुंकली, आता तो फक्त “काका, किती सापडल्या?” म्हणून विचारतो. काकूंचा आक्षेप चोरीच्या संशयाला नव्हता, चिमट्याला होता. तो परत घेऊन त्यांनी नवा चिमटा आणला. मग काकांनी नवा बागेला नेला, कारण त्याची पकड चांगली होती.

फवारणीच्या दिवशी मात्र घरात वातावरण जरा धार्मिक असतं. निंबोळीची पूड, लिटरमागे पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजलेली. सकाळी ती काकूंच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायची, साबणाचं थोडं पाणी घालायचं आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारायची. उन्हात मारली तर अर्काचा जोर लवकर उतरतो, म्हणून संध्याकाळ. हे सगळं काका इतक्या गांभीर्यानं सांगतात की ऐकणारा नकळत चप्पल काढतो. “आणि अळी लगेच मरत नाही बरं का,” ते आवाज खाली आणतात. “तिची खाण्यावरची वासनाच उडते. कात टाकायचंही जमत नाही.” यावर काकू आतून म्हणाल्या होत्या, “थोडं उरलं असेल तर तुम्हीच घ्या. रात्री अकराला फरसाणाचा डबा वाजतो.”

या मंडळींचं एक तत्त्वज्ञान असतं. भोक पडलेलं पान म्हणजे औषध न मारलेलं पान, म्हणून भोकं जितकी जास्त तितकं पान सात्त्विक. हा हिशेब मंडईपर्यंत पोचलाय. काका फ्लॉवर उलटापालटा करून कीड शोधू लागले तेव्हा भाजीवाली म्हणाली, “किडलेला देऊ का? त्याचे पाच रुपये वर पडतील.” काका खरंच पाच रुपये देऊन आले. काकूंनी गड्डा कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला. वर तरंगून आलेल्यांची संख्या काकांनी वहीत घेतली, काकूंनी घेतली नाही. त्या शेजारणीकडून स्वच्छ गड्डा घेऊन आल्या. मला विचाराल तर त्या घरात शेतीची समज त्यांनाच आहे.

सगळा हिशेब चुकला तो लिंबावर. तिथं काकांना पानावर पक्ष्याची शीट दिसली. पुसायला गेले तर शीट सरकली. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी तशीच दिसते, पक्षी फसावेत म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. काकांनी डिवचलं. तिनं शिंगं काढली. वसुलीच्या सबंध नोकरीत एवढं ठाम उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

मारवेना. मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून त्यांनी अळ्या समोरच्या बागेतल्या हिरवळीवर सोडायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या, जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीनं सांगितलं, “काका, ती गवत खात नाही. लिंबू, कढीपत्ता, बेल, याच कुळातलं लागतं. उपाशी मरेल हो.” काका हादरले. दुसऱ्या दिवसापासून बी विंगच्या जिन्यातल्या कढीपत्त्याला पानं राहीनात. बी विंगवाल्यांनी सचिवांकडे तक्रार केली. पाहणी समितीवर, बागेतले जाणकार म्हणून, काकांचीच नेमणूक झाली.

त्याच मुलीनं पुढं हेही सांगितलं की महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, 2015 साली जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतं. झालं. थकबाकीदार एका रात्रीत शासकीय अतिथी झाला. निंबोळी बंद, चिमटा काकूंना परत, लिंबाच्या कुंडीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. अळीनं रेशमाच्या धाग्यानं स्वतःला फांदीला बांधून कोष केला, तेव्हा काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपल्या इमारतीत राज्य फुलपाखराचे आगमन’ असं जाहीरच करून टाकलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. कोषातून काळं-पिवळं, अगदी साधं, लिंबावर नेहमी दिसणारं फुलपाखरू निघालं. पंखांवर निळ्याचा लवलेश नाही. कुणी काही बोलेना. काकांनी चष्मा पुसला, वही उघडली, ‘राज्य’ या शब्दावर रेघ मारून वर ‘स्थानिक’ लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली.

“अजून चौदा आहेत,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “त्यांतलं एखादं निळं निघेलच. पण लिंबाला आता पान उरलं नाही हो. तुमच्या बाल्कनीत कढीपत्ता आहे ना?”