नवतप्यातलं गिऱ्हाईक

नागपुरात लोक घर बुक करायला गुढीपाडवा पाहतात, फार तर अक्षय्य तृतीया. गॅलरीभाऊंचा मुहूर्त नवतप्यात. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि दुपारचे रस्ते ओस पडतात. अशा वेळी, तीनच्या ठोक्याला, डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा आणि काखेत घडीची खुर्ची असा कुणी बेसा किंवा वर्धा रोडकडच्या एखाद्या नव्या स्कीमच्या ऑफिसात शिरताना दिसला, तर तो हाच. नोकरी बहुधा सरकारी, निवृत्ती झालेली किंवा तोंडावर आलेली, आणि बालपण महालातल्या वाड्यात गेलेलं. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, वाफ गेली की गाद्या टाकायच्या, आणि कोण कुणाशेजारी झोपणार यावरून भांडायचं. तेव्हा जे डोक्यात बसलं ते फ्लॅटसंस्कृतीची चाळीस वर्षंही काढू शकली नाहीत. हा माणूस घर शोधत नाही. तो उघड्यावर बसायची जागा शोधतो.

सेल्सवाला मुलगा त्यांना उत्साहानं सॅम्पल फ्लॅटमध्ये नेतो. आत अठरावर एसी. भाऊ खुर्ची भिंतीला टेकवतात आणि म्हणतात, "हे बंद करा जी."

"सर, थोडं कूल वाटावं म्हणून..."

"मला राहाचं आहे इथं. वाटून घ्याचं नाही."

एसी बंद होतो. पाचव्या मिनिटाला मुलाचा टाय सैल होतो, दहाव्या मिनिटाला तो खिडकीशी जाऊन उभा राहतो. भाऊ मात्र एकेका भिंतीला तळवा लावत फिरतात, ताप बघितल्यासारखे. पश्चिमेच्या भिंतीवरून हात झटकन काढतात आणि कुणीतरी गेल्याचं कळावं तसा चेहरा करतात. तापमानाच्या बाबतीत त्यांचा सरकारी आकड्यांवर विश्वास नाही. 2024च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं लगेच सांगितलं. भाऊंच्या मते अख्ख्या खात्यात तो सेन्सर तेवढा खरं बोलला.

दिशांचं प्रकरण मात्र त्यांच्याकडून शिकावं. मुलगा खालच्या आवाजात कबूल करतो, "सर, ही गॅलरी दक्षिणेची आहे. म्हणजे रेटमध्ये थोडं ॲडजस्ट करू." वास्तूवाल्यांनी दक्षिण यमाच्या नावावर लिहून दिलेली, तिचं नाव काढलं की अर्धी गिऱ्हाइकं चपला शोधतात. भाऊंचा हिशेब भूगोलाचा. नागपूर 21 अक्षांशावर. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य ऐन डोक्यावर, नाहीतर किंचित उत्तरेलाच कललेला. वर स्लॅबची बऱ्यापैकी झाप असली की दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पायही टाकत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि पाठ शेकायला थेट खुर्चीपर्यंत येतो. खरा वैरी पश्चिमेचा. तीननंतरचं तिरपं ऊन अडवायला स्लॅब कामाचा नाही, आणि तापलेली भिंत रात्री जेवणं झाली तरी निवत नाही. हे सगळं पाठ असूनही भाऊ दचकतात. "दक्षिण? बापा रे! घरी विचारावं लागते मग." आणि यमाच्या धाकानं फुटामागे किती सुटतात ते शांतपणे बघत बसतात. एरवी देवळाची पायरी न चढणारा हा माणूस यमाला मात्र फार मानतो.

सगळ्यात वरचा 'टेरेस फ्लॅट' दाखवला तर ते वर जातच नाहीत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खालच्यांवर उष्णता सोडतो. चुना मारा, पांढरा रंग लावा, हिरवी जाळी ताणा, थोडाफार फरक पडतो एवढंच. माहितीपत्रकातल्या चित्राकडे ते क्षणभर बघतात. वेताच्या दोन खुर्च्या, कॉफीचे मग, अंगावर शाल घेतलेली एक बाई. "ही कोणत्या गावची?" एवढंच विचारतात.

2016च्या रेरा कायद्यावर त्यांचा वेगळाच राग आहे. त्या कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या केली आणि गॅलरी नि उघडी गच्ची त्यातून वगळली. गिऱ्हाइकाच्या भल्याचंच होतं ते, पण भाऊंना पटत नाही. "म्हणजे सरकारच्या मते गॅलरी हे घर नाही. अन् आम्ही तिलाच घर म्हणून राहिलो. मागं दोन-तीन खोल्या असल्या तर असू द्या."

आता खुर्चीचं. ती बसायला नाही, मोजायला आहे. कारण नागपुरात गॅलरीचा मालक मार्च ते जून कूलर असतो. मुंबईहून येणारे जावई दर उन्हाळ्यात विचारतात की हे लोखंडी धूड बाहेर का ठेवता. त्यांना सांगावं लागतं की ते बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतं आणि आतली हवा बाहेर जायला समोर खिडकी उघडी लागते. तुमच्या दमट गावात ह्याचा काही उपयोग नाही. जावई मान हलवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. तर भाऊ आधी फरशीवर खडूनं कूलरचा चौकोन आखतात, त्याचं स्टँड, पाण्याच्या पाइपाला वाट, आणि उरलेल्या जागेत खुर्ची उघडून बसतात. गुडघे कठड्याला टेकले, की फ्लॅट नापास. आजवर बहुतेक फ्लॅट तिथंच नापास झाले.

वहिनी या सगळ्या काळात खाली गाडीत बसलेल्या असतात, एसी लावून. त्यांची गरज नेमकी उलटी. भाऊंना सावली हवी, त्यांना ऊन. कुरोड्या, सरगुंडे, मुगवड्या, वर्षाच्या मिरच्या हे सगळं वाळवायला कडकडीत ऊन लागतं, आणि खडूच्या चौकोनाबाहेर उरलेल्या वीतभर जागेत एक सूपही मावत नाही. त्या बोलत नाहीत, कारण खडू भाऊंच्या हातात असतो.

मागच्या उन्हाळ्यात मनीषनगरातला एक रीसेलचा फ्लॅट बघायला गेले होते. भाऊ वर गेले. वहिनींनी गाडीची काच खाली करून चौकीदाराला विचारलं, "वरच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते जी?"

"सेक्रेटरीबाईंकडे. पण त्या देत नाहीत कोणाले."

वहिनी गाडीतून उतरल्या. इकडे भाऊंचे मोजमाप संपत आले होते. गॅलरी पश्चिमेची. हात लावावा तर चटका. खुर्ची उघडली तर गुडघे कठड्याला टेकून वर नाकही टेकायचं बाकी. त्यांनी नापासाचा निकाल मनात लिहूनही टाकला होता, तेवढ्यात वहिनी आल्या.

"टोकन द्या."

"अगं, पश्चिम आहे!"

"सेक्रेटरीबाईंना सरगुंडे जमत नाहीत. मी शिकवणार आहे. मंगळवार अन् शुक्रवार गच्ची आपली."

"अन् मी कुठं बसू?"

"गच्चीवरच. कावळे हाकलायला कोणीतरी लागतेच न."

संध्याकाळी टोकन गेलं. पश्चिमेच्या गॅलरीला लावायला वाळ्याचे पडदे कुठं मिळतील, ते भाऊ सध्या इतवारीत दुकानोदुकानी विचारत फिरतात. दुपारी तीनलाच.