दोन क्लच, एक ट्रॅक्टर

ड्युअल-क्लच गिअरबॉक्स म्हणजे एक क्लच विषम गिअरांचा व दुसरा सम गिअरांचा कारभार पाहणारी, आणि चालू गिअर सुटण्याआधीच पुढचा जुळवून ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा होय. मात्र फैजपुरासारख्या गावात, पुढे केळीच्या घडांनी लदलेला ट्रॅक्टर असेल, तर हा जुळवलेला गिअर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा ताटकळतो, आणि रांगत्या गतीत अर्धवट टेकलेला कोरडा, म्हणजे तेलात न बुडणारा, क्लच घासून तापतो. हाफ-क्लचवर रेटलेल्या मॅन्युअल गाडीतही क्लच जळतोच. फरक इतकाच की तेथे दोष डाव्या पायाचा ठरतो, येथे संगणकाचा. ट्रॅक्टर मात्र दोन्ही पक्षांना समान न्यायाने पहिल्या-दुसऱ्या गिअरातच ठेवतो.