पाटे, पेट्रोल आणि पाठ

मारुती जिप्सीने पुण्याहून श्रीवर्धनला निघालेल्या मंडळींत दोन तट असतात आणि ते चांदणी चौकाच्या आतच पडतात. पुढे बसलेले दोघं प्रवासाला निघालेले असतात. मागे बसलेले नेले जात असतात. मागच्या भागात एकमेकांकडे तोंड करून दोन बाकं आहेत. त्यांवर बसलेली माणसं लग्नात मानपानावरून रुसलेल्या दोन पक्षांसारखी पौडपर्यंत एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत राहतात. या गाडीला मागच्या बाजूंना दारं नाहीत. कंपनीने एसी दिला नाही, पॉवर स्टिअरिंग दिलं नाही, आणि कापडी हुडाच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या वाऱ्याने अशा फडफडतात की पिरंगुटला सुरू केलेलं वाक्य मुळशीला पुरं करावं लागतं. तरीही गाडीच्या मालकाला विचारा. पाठ चोळत चोळत तो सांगेल की अशी गाडी पुन्हा होणे नाही. या माणसाला काय झालं आहे, हा प्रश्न विनोदी वाटला तरी त्याचं गंभीर उत्तर आहे. सहसा लोक म्हणतात, गाडीत दोष आहेत पण मालक प्रेमापोटी ते पोटात घालतो. मला वाटतं, उलट आहे. या गाडीत दोष आणि गुण हे दोन वेगळे भागच नाहीत. जो सुटा भाग पाठ मोडतो तोच चिखलातून बाहेर काढतो, आणि हे मालकाला डोळ्यांनी दिसतं. प्रेम त्या दिसण्यावर आहे.

आधी थोडी वंशावळ. 1968मध्ये जपानमधल्या होप मोटर नावाच्या लहानशा कंपनीने एक चिमुकली फोर बाय फोर गाडी काढली. सुझुकीने ती विकत घेऊन 1970मध्ये जिम्नी म्हणून बाजारात आणली. तिची पुढची पिढी 1981ची, आणि त्या पिढीतलं लांब अंगाचं भावंड म्हणजे 1985च्या डिसेंबरात गुरगावहून निघालेली आपली जिप्सी. सुरुवातीला 970 सीसीचं इंजिन, ताकद 45 अश्वशक्ती. एवढ्या ताकदीत चार चाकं फिरवायची म्हणजे इंजिनालाही रोज सकाळी मनाची तयारी करावी लागत असणार. पुढे 1993मध्ये चाकांमधलं अंतर वाढवलं, 1996मध्ये एस्टीमच्या घराण्यातलं 1300 सीसीचं इंजिन बसवून तिला ‘जिप्सी किंग’ केलं, आणि 2000च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इंधनाचं इंजेक्शन, आलं. तेहतीस वर्षांत बदल म्हणावेत ते एवढेच. बाकी सांगाडा, पाटे, आखूड नाक आणि चौकोनी चेहरा तसाच. दर दोन वर्षांनी गाडीचे दिवे बदलून तिला ‘ऑल न्यू’ म्हणणाऱ्या धंद्यात हा आळस जवळजवळ तत्त्वनिष्ठेपर्यंत पोचतो.

आता ताम्हिणी लागते आणि पाट्यांचा विषय निघतो. जिप्सीच्या चारही चाकांना पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचून पट्ट्यांनी आवळलेल्या पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या. घाटात पावसाने डांबर खरवडलेलं असतं. तिथे मागच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे मोजू शकतो आणि दोन खड्ड्यांची सरासरी काढण्याची सवलत त्याला मिळत नाही. मऊ गाडीतून आलेला माणूस इथेच जिप्सीला नापास करतो. पण गाडीखाली वाकून बघा. पाटा हाताला लागतो. त्याचा मुख्य पाटा तुटला तर तो तुटलेला दिसतो, आणि तो बदलायला लॅपटॉप लावावा लागत नाही. ट्रकचे पाटे बांधणारा मिस्त्री माणगावला सापडतो, तसा लेहला सापडतो आणि चंद्रपूरलाही सापडतो. याच पाट्यांवर अखंड ॲक्सल टांगलेले आहेत. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि जमीन सोडायला सहसा तयार नसतं. आरामगाडीत धक्का खाण्याचं काम कुठल्यातरी झाकलेल्या यंत्रणेने अंगावर घेतलेलं असतं, आणि ती बिघडली की बिल येईपर्यंत तिचं नावही मालकाला ठाऊक नसतं. जिप्सीत ते काम पाटा आणि मालकाची पाठ यांनी निम्मंनिम्मं वाटून घेतलं आहे. हिशेब कडक असला तरी उघडा आहे.

अंगाची रुंदी तशीच. जिप्सी दीड मीटरपेक्षा किंचित जास्त रुंद, आणि इनोव्हा क्रिस्टा 1.83 मीटर. आत बसलेल्यांचे खांदे एकमेकांना लागतात, त्याबद्दल तक्रार रास्त आहे. पण निजामपूरच्या अलीकडे वळणावर समोरून विटांचा ट्रक आला की याच तीस सेंटिमीटरांचं मोल कळतं. मोठ्या गाडीचा चालक आरसा मिटतो, बायकोला उतरवून मागे बघायला सांगतो, ट्रकवाल्याच्या घराण्याचा उद्धार करतो. जिप्सी गटाराच्या कडेने निघून गेलेली असते. वजनाचंही तेच. साधारण एक टन. हायवेवर बाजूने व्होल्वो गेली की ती हलते, स्टिअरिंग जरा सैल असलं की दोन पट्ट्यांमधली जागा आपली समजून वापरते, आणि ऐंशीच्या वर इंजिन असा आवाज करतं की मागे बसलेल्यांना आपली चूक झाली याची खात्री पटते. नव्या थारचं वजन पावणेदोन टनांच्या घरात आहे. ती हायवेला चिकटून चालते. पण ओल्या जांभ्याच्या मातीत पावणेदोन टन रुतले तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. एक टन रुतला तर मागच्या बाकावरची मंडळी पुरतात. त्यांना बरोबर घेण्यामागचं खरं कारण म्हसळ्यापुढे उघड होतं.

म्हसळ्यापुढे मुख्य रस्ता सोडून कुणाच्या तरी आंब्याच्या बागेकडे जाणारी बैलगाडीची वाट असते. आदल्या रात्रीच्या पावसाने ती लाल चिखलाची झालेली असते, आणि मालक ज्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर पाठ झिजवत आला ते दोन-तीनशे मीटर इथे असतात. जुन्या जिप्सीत हा विधी बघण्यासारखा आहे. मालक खाली उतरतो. पुढच्या चाकाच्या मध्यावर एक गोल चकती असते, ती चिखलाने भरलेली. ती अंगठ्याने पुसून, चिमटीत धरून ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवतो. मग नाकाला वळसा घालून दुसऱ्या चाकाशी जातो आणि तेच करतो. पुढच्या चाकांना इंजिनाची ओळख करून देण्याचं हे काम हातानेच व्हायचं. परत आत बसून गिअरच्या दांड्यामागचा धाकटा दांडा ओढतो. दांडा लगेच पडत नाही, म्हणून गाडी जरा पुढेमागे हलवतो. मग खण्णकन आवाज येतो आणि लो लागतो. आता गाडी माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटरला फारसा स्पर्शही न करता चढ चढू लागते. इथे संगणक नाही, डिफरन्शियल लॉकही नाही. एक चाक हवेत गेलं की ते मजेत नुसतं फिरत बसतं आणि मालकाला खाली बघून, चाक कुठल्या दगडावर घ्यायचं हे स्वतः ठरवावं लागतं. चढ संपतो तेव्हा मालकही चढलेला असतो, गाडीच्या बरोबरीने. नव्या गाड्यांत गोल बटण फिरवून ‘चिखल’ असं चित्र निवडलं की बाकीचं गाडी बघते. सोय मोठीच आहे. पण मग चढ गाडीने चढला, आणि आपण तिकीट काढून आत बसलो होतो, हेही मान्य करावं लागतं.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं आठवणींचं आणि रुबाबाचं प्रकरण आहे. ही गाडी लष्करात, पोलिसांत, सिनेमातल्या इन्स्पेक्टराकडे आणि ताडोबाच्या मोहर्ली गेटवर दिसली, म्हणून ती हवीशी वाटते. रुबाब आहे, नाही कशाला म्हणू. पण हा रुबाब जाहिरातीतून आलेला नाही. लष्कराने तिला निवडलं ते दिसण्यावर नव्हे, ती हलकी आणि दुरुस्तीला सोपी म्हणून. तिच्याच सामुराई नावाच्या भावंडात बदल करून 2007मध्ये दोन चिलीवासीयांनी ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर 6,688 मीटर उंची गाठली. जंगलात तिच्या पाठीवर सहा पर्यटक, गाइड आणि तीन किलोची लेन्स असलेला एक गृहस्थ उभे राहतात. वाघ दिसला की सगळे एकाच बाजूला झुकतात आणि तिचे पाटे त्यांना तोलून धरतात. रुबाब हा या कामाचा पगार आहे. दुसरं असं की नुसत्या आठवणींवर प्रेम करायचं तर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी करून, पुसून, फोटो काढून भागतं. जिप्सीवाले तसं करत नाहीत. ते तिला चिखलात नेतात आणि सोमवारी मिस्त्रीकडे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: ज्यांना ती आवडली नाही त्यांनी ती कधीच विकली, उरले ते भक्त, मग भक्तांची साक्ष काढून उपयोग काय? खरं आहे. लिटरला दहा-अकराचं ॲव्हरेज आणि डिझेलचा पर्याय नाही, हे ऐकून बहुतेक गिऱ्हाइकं शोरूमच्या दारातूनच बोलेरोकडे वळली. घरगुती गाडी म्हणून जिप्सी कधी खपलीच नाही. पण म्हणूनच तिची साक्ष वजनदार ठरते. ज्या गाडीचे तोटे पहिल्या दहा मिनिटांत कळतात ती घेणारा माणूस फसून घेत नाही. आरामाचं आश्वासन तिने दिलंच नव्हतं, त्यामुळे ते मोडल्याचा राग धरायला जागा नाही. चार वर्षांनी स्क्रीन बंद पडली, सेन्सर गेला, सनरूफ गळू लागलं म्हणून हळहळणाऱ्यांची जात वेगळी. जिप्सीचा हुड पहिल्याच पावसात गळतो आणि मालक तिथे काय ठेवायचं नाही हे शिकून मोकळा होतो.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र हसण्यासारखं काही नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागे आडव्या बसलेल्यांना टक्कर झाली तर आधार नाही. अमेरिकेत 1988मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने सामुराई उलटण्याचा धोका सांगून तिला नापास केलं. सुझुकीने 1996मध्ये दावा लावला आणि 2004मध्ये तडजोड झाली. जिप्सी सामुराईपेक्षा लांब आणि 1993नंतर पूर्वीपेक्षा रुंद पावलांची, तरी उंच आणि हलकी गाडी वेगात वळवू नये हे कळायला कोर्टाची गरज नाही. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा 2018अखेर तिचं बुकिंग थांबलं आणि 2019मध्ये ती सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. ते योग्यच झालं. लष्करानेही 800 किलो वाहणारी, पक्क्या छपराची, एसी असलेली गाडी मागून टाटा सफारी स्टॉर्म घेतली, आणि तरीही 2020मध्ये पुन्हा जिप्सी घेतल्या. वाहनखरेदीत भावनेला फारसा वाव नसलेल्या खात्याने असं करावं, याची नोंद जिप्सीवाले चहाच्या टपरीवर वारंवार घेतात. एक्स्प्रेसवेवर लेकराबाळांना मागच्या बाकावर बसवून शंभरने जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ताम्हिणीतून पन्नासने जाणाऱ्याची घेईन.

राहिली 2023ची पाच दारांची जिम्नी. तीच शिडीसारखी चासी, तोच धाकटा दांडा. शिवाय पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, एसी, सहा एअरबॅग. मग जुनीचा हट्ट कशाला? जिप्सीवाल्यांना हे विचारलं की ते जिम्नीची मनापासून स्तुती करतात, ती घरच्यांसाठी घेण्याचा सल्लाही देतात, काही जण घेतातही. जुनी विकत नाहीत. कारण जिम्नीने पाठीचा त्रास वाचवताना हिशेबाची वहीही मिटवली. खड्डा गेला तो कुणी खाल्ला हे आता कळत नाही. अर्थात ही सारी थोरवी स्टिअरिंगमागच्या माणसापुरती आहे, आणि माझ्या म्हणण्यातली खरी फट इथे आहे. पाटे, रुंदी, वजन या सगळ्याची जमा मालकाच्या खात्यावर पडते आणि खर्च मागच्या बाकाच्या. त्या बाकावरच्या मंडळींनी श्रीवर्धनला पोचल्यावर समुद्राआधी एसटी स्टँड गाठून पुण्याच्या गाडीची वेळ विचारली, तर त्यात जिप्सीचा अपमान नाही. मालकही रागावत नाही. परतीला गाडी दोन-अडीचशे किलोने हलकी होते, हे त्याच्या आधीच लक्षात आलेलं असतं. तिकिटाचे पैसे तो स्वतः देतो.