अपील पेंडिंग

तलाठ्याचा सजा गेला, दप्तर गेलं, नोकरीही गेली. तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. फेरफार नोंदीचे दोन हजार घेताना लाचलुचपतवाल्यांनी धरलं. नोटांना अँथ्रासीन पावडर लावलेली. पंचांसमोर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला, तर उजव्या हाताची तीन बोटं आणि शर्टाचा खिसा निळसर चमकायला लागला. विशेष न्यायाधीशांनी वर्षभराची सक्तमजुरी ठोठावली. औरंगाबाद खंडपीठात अपील दाखल झालं, शिक्षेला स्थगिती मिळाली. दोषसिद्धीला काही मिळाली नाही, म्हणून बडतर्फी. तेव्हापासून भाऊसाहेबांचा पूर्णवेळ धंदा एकच, अपील.

तालुक्यातल्या वकिलांनी वाचले नसतील इतके निकाल त्यांनी वाचलेत. आंध्रातल्या जयराज खटल्याबद्दल तर मावसभावाबद्दल बोलावं तसं बोलतात. तोही महसूलचाच, अडीचशे रुपयांचा ट्रॅप, फिर्यादी फितूर आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टातून निर्दोष. "नुसत्या नोटा सापडून भागत नसतं. मागणी शाबित व्हावी लागते, मागणी!"

२०२२ साल मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. डिसेंबरात पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ म्हणालं, फिर्यादी मेला किंवा फितूर झाला, तरी परिस्थितीजन्य पुराव्यानं मागणी शाबित करता येते. त्या रात्री भाऊसाहेब जेवले नाहीत. त्यांचा फिर्यादी मोठ्या कष्टानं फितूर झाला होता.

घरातही हाच कायदा. चकल्यांचा डबा निम्म्यावर आला आणि मिशीत भाजणीचा चुरा दिसला, की वहिनी जाब विचारतात. "चुरा सापडला, कबूल. पण मी मागितली होती का?" वहिनींनी डबा आता कडीकुलपात ठेवलाय. माणूस खोटारडा नाही हो. पैसे घेतले की नाही हा मुद्दाच त्यांच्या लेखी किरकोळ झालाय.

हल्ली निरवानिरव चालू आहे. आरोपी मेला की तुरुंगवासाविरुद्धचं अपीलही संपतं. पुढे चालवायचं तर जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो. पुण्याहून आलेल्या मुलाला त्यांनी पानावरच बजावलं, "तेरावं उरकलं की तडक खंडपीठ गाठायचं. वकीलपत्राचा मसुदा कपाटात आहे."

मुलाचा घास हातातच राहिला. "अण्णा, एकदाच खरं सांगा. घेतले होते का?"

"आरोपीवर साक्ष द्यायचं बंधन नसतं," भाऊसाहेब म्हणाले. "आमटी वाढ."